डुकरांचा कोतवाल एल्नेथन थर्लो

आमच्या गावात वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल, त्याला मार्चच्या गावसभेत डुकरांचा कोतवाल नेमतात. ही थट्टा असते. पद कायद्यात आहे, त्याची शपथ आहे, पण नेमायचं ते हसण्यासाठी. कालपर्यंत बायकोच्या मागे फिरत होता, आता डुकरांच्या मागे फिर, असा तो विनोद. नवरदेव लाजतो, मित्र पाठीत गुद्दे घालतात, मग सगळे माझ्या खाणावळीत येऊन त्याच्या नावाने सफरचंदाची आंबट दारू ढोसतात आणि पुढे वर्षभर डुकराच्या शेपटीलाही कोणी हात लावत नाही. माझा नवरा त्या पदावर होता तेव्हा त्याने एकच डुक्कर पकडलं. ते आमचंच होतं आणि ते आम्ही खाल्लं.

एल्नेथन थर्लोने मात्र ते पद खरं मानलं. त्यातून जे झालं ते आमच्या गावात कोणी उघड बोलत नाही. विषय निघालाच तर लोक हवापाण्याकडे वळतात. मी हुल्दा प्रुइट, खाणावळवाली. त्यातलं बरंचसं माझ्याच पुढच्या खोलीत घडलं, आणि एल्नेथन आता मातीखाली आहे. मला हवापाण्यावर बोलायची हौस नाही.

एल्नेथन पिंपं करायचा. अंगाने दांडगा, बोलायला हळू. एक वाक्य बोलायला घेतलं की समोरच्याचा पेला रिकामा व्हायचा. पण त्याच्या पिंपातून थेंब गळत नसे. प्रत्येक पिंपाच्या बुडाला तो तापल्या लोखंडाने आपली छाप उठवायचा आणि ती छाप बघून बंदरावरचे व्यापारी पिंप न ठोकता घ्यायचे. याचा त्याला फार अभिमान होता. "छाप असली की माल खरा," हे त्याचं पालुपद. तिशी उलटल्यावर त्याचं लग्न झालं ते डीकन जेरेड हॅल्समच्या धाकट्या मुलीशी, केझायाशी. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी. गावात पाद्र्याच्या खालोखाल त्याचा मान. एल्नेथनचं घर उभं होतं ते सासऱ्याच्याच जमिनीवर.

तर मार्चमध्ये त्याला कोतवाल केलं. सगळे हसले. तोही हसला, पण घरी जाऊन त्याने डुकरांचे सगळे नियम पाठ केले. मोकळ्या डुकराच्या नाकात लोखंडी कडी हवी, म्हणजे ते जमीन उकरत नाही. गळ्यात लाकडाचं तिकोनी लोढणं हवं, म्हणजे ते कुंपणातून शिरत नाही. कानावर मालकाची खूण हवी. यातलं काही नसेल तर कोतवालाने डुक्कर कोंडवाड्यात घालायचं आणि मालकाने येऊन सोडवायचं. नियम सगळ्यांना ठाऊक होते, पाळत कोणी नव्हतं. एल्नेथन महिनाभर गावातून चिमटा आणि कड्या घेऊन हिंडला. डुकरं किंचाळायची, बायका शिव्या घालायच्या.

"कोतवालसाहेब, आमच्या सासूच्या नाकात पण एक कडी घाला!" असं कोणीतरी ओरडायचं.

तो थांबून, विचार करून म्हणायचा, "तिच्या कानावर खूण आहे का?"

लोक पोट धरून हसायचे. एप्रिल संपेपर्यंत त्याला गावातलं प्रत्येक डुक्कर कानावरून ओळखू यायला लागलं. आमच्या डुकराच्या उजव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. गावचा शिपाई बंडी, त्याच्या डुकरांचे दोन्ही कान चिरलेले. डीकनच्या डुकरांच्या डाव्या कानात चंद्रकोरीएवढा तुकडा काढलेला असायचा. समोर कान आला की तो मालकाचं नाव सांगायचा, आणि माझ्या खाणावळीत लोक त्यावर पैजा लावायचे.

गावाच्या पूर्वेला ओढा आहे. ओढ्यापलीकडे इथल्या मूळच्या लोकांची वस्ती होती, ज्यांना आम्ही इंडियन म्हणतो, आणि घरात बोलताना नुसतं 'पलीकडचे'. आमचे आजे-पणजे इंग्लंडहून जहाजाने आले तेव्हा ही सगळी जमीन पलीकडच्यांची होती, अलीकडचीसुद्धा. आता ते आमचंच बायबल वाचायचे, आमच्याच प्रार्थनाघरात येऊन वरच्या मजल्यावर मागच्या बाकांवर बसायचे आणि आम्हाला झाडू, टोपल्या विकायचे. शेती त्यांच्या बायका करायच्या. मातीच्या ढिगावर मका, त्याला वेढून घेवडा, खाली भोपळ्याचा वेल. कुंपण घालायची त्यांची रीत नव्हती.

डेबोरा कोवास त्यांच्यातली विधवा. कमरेत ताठ. तिच्या झाडूची काडी मी कधी गळलेली पाहिली नाही. जूनमध्ये ती झाडू घेऊन माझ्या दारात आली तेव्हा एल्नेथन तिथे बसला होता.

"डुकरांचे कोतवाल तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग चला."

"कुठे?"

"डुकरं आहेत तिथे."

बाकीचे खिदळले. एल्नेथन पेला ठेवून उठला आणि तिच्यामागून गेला. संध्याकाळी परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, पुढे डीकनची थोरली डुकरीण, तिच्या गळ्यात दोर. नाकात कडी नाही, गळ्यात लोढणं नाही. तिने आणि तिच्या पिल्लांनी डेबोराचं अख्खं शेत उलटंपालटं केलं होतं. मका तर गेलाच होता, शिवाय बियाण्याचा मका डेबोराने जमिनीत पुरून ठेवला होता तोही डुकरांनी उकरून खाल्ला होता.

"हुल्दाबाई, हात घातला तर कोपरापर्यंत खड्डा," तो म्हणाला. "मला वर बघवेना. ती नुसती उभी होती."

सासऱ्याची डुकरीण त्याने भर रस्त्यातून हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली. दुसऱ्या दिवशी डीकनला ती सोडवायला स्वतः यावं लागलं, आणि अख्खा गाव काहीतरी काम काढून कोंडवाड्याजवळ जमला.

"जावईबुवा," डीकन म्हणाला, "माझी डुकरीण माझ्याच घरच्या माणसाने कोंडली, हे आता रविवारी चर्चमध्ये सांगू का?"

"तिच्या गळ्यात लोढणं नव्हतं, सासरेबुवा."

"लोढणं माझ्या पोरीने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलंय. ते पुरे आहे."

लोक हसले. डीकनला वाटलं ते एल्नेथनला हसले. खरं म्हणजे दोघांनाही हसले. पण एल्नेथन तेवढ्यावर सुटला नाही. शेताची भरपाई करायलाच हवी, मका परत उभा राहणार नाही, तेव्हा तिला एक पिल्लू द्या, असं तो तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या त्या संथ आवाजात बोलत राहिला. डीकनचे कान लाल झाले.

"ने एक पिल्लू," शेवटी तो म्हणाला. "पण मी ते तुला देतोय, ध्यानात ठेव. तू त्याचं काय करतोस ते मला सांगायला येऊ नकोस."

आता पुढचं जे आहे ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. ते पिल्लू सबंध कानांचं होतं, खूण व्हायची होती. एल्नेथनने विचार केला, खुणेशिवाय डुक्कर रस्त्याने न्यायचं नाही असा नियम आहे, आणि नियम मोडणारा कोतवाल कसला? आणखी एक विचार त्याने केला. छाप असली की माल खरा. म्हणून त्याने चाकू काढला आणि पिल्लाच्या डाव्या कानात डीकनची चंद्रकोर कापली. ओढा ओलांडून ते डेबोराच्या हातात दिलं आणि म्हणाला, "कुणी विचारलं तर कान दाखव. कुठून आलं ते लगेच कळेल."

त्याला ठाऊक नव्हतं असा एक कायदा होता. कोतवालाच्या नियमांत तो नव्हता, विक्रीच्या नियमांत होता. पलीकडच्या माणसाने आपल्या डुकराच्या कानाला खूण करायची नाही. त्यांचं डुक्कर ते सबंध कानाचं. मांस विकायला आणलं तर कान सोबत आणून दाखवायचे. कान सबंध असला तर डुक्कर त्यांचं, कानावर खूण असली तर आमच्यापैकी कुणाचं तरी, म्हणजे चोरीचं. पलीकडचं कोणी कित्येक वर्षांत डुक्कर विकायला आलंच नव्हतं, म्हणून तो नियम थोड्याच जणांच्या लक्षात होता. सायलस बंडीच्या होता, कारण तो गावचा शिपाई.

नोव्हेंबरात डेबोरा मांस घेऊन माझ्या दारात आली. मक्याच्या सालांवर वाढवलेलं, चांगलं चरबीदार. बंडी खिडकीपाशी बसून फुकटची दारू पीत होता.

"कान आणलेस का गं?" त्याने सहज विचारलं.

"आणलेत की," डेबोरा म्हणाली. तिने ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणले होते. फडकं टेबलावर ठेवून तिने चारी टोकं सोडली आणि मागे सरून उभी राहिली, आपलं काम चोख आहे अशा चेहऱ्याने. 

बंडीने डावा कान उचलला, उजेडाकडे धरला आणि पेला खाली ठेवला.

पलीकडच्या माणसाने चोरी केली की शिक्षा ठरलेली. मालाच्या तिप्पट भरून द्यायचं, आणि देता आलं नाही तर मालकाच्या घरी राबून फेडायचं. डेबोराजवळ तिप्पट सोडा, एकपटही नव्हतं. तेव्हा तिची पुढची वर्षं एल्नेथनच्या एका वाक्यावर लटकली होती: पिल्लू मी दिलं, कान मी कापला. एवढंच त्याने बोलायचं होतं.

शेजारच्या गावाहून न्यायाधीश घोड्यावरून आला आणि माझ्या पुढच्या खोलीत बसला. गाव दाटीवाटीने उभा. सुनावणीच्या आधी डीकनने एल्नेथनला माझ्या विहिरीपाशी बाजूला घेतलेलं मी स्वयंपाकघरातून पाहिलं. शब्द ऐकू आले नाहीत. बोट हलताना दिसलं. ते शब्द एल्नेथनने मला पुढे सांगितले. डीकन म्हणाला होता, "न्यायाधीशाने विचारलं तर मी सांगणार की कुठल्याही इंडियनला मी डुक्कर दिलं नाही, आणि ते खरं आहे. तुला दिलं. आता तू उठून दुसरं बोललास तर गाव म्हणेल डीकन खोटा. आणि दुसऱ्याची खूण न विचारता कापणं हाही गुन्हा आहे, ते ठाऊक आहे ना? केझाया पोटुशी आहे. तू कुणाच्या जमिनीवर झोपतोस त्याचा विचार कर."

डीकन आधी बोलला, अगदी म्हणाला होता तसंच. मग डेबोराला विचारलं. ती आमची भाषा आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायची.

"यांनी दिलं," तिने एल्नेथनकडे हात केला. "माझ्या दारात आणून दिलं. खूण यांनीच कापलेली. म्हणाले, कुणी विचारलं तर कान दाखव. मी दाखवले."

न्यायाधीशाने एल्नेथनला पुढे बोलावलं. "तू कोण?"

"डुकरांचा कोतवाल, साहेब."

खोलीत खसखस पिकली. न्यायाधीशानेही मिशीतलं हसू दाबलं.

"हा कान कुणाचा?"

"डीकन हॅल्सम यांचा."

"नक्की?"

"साहेब, तो डुकरांना नावानिशी ओळखतो!" मागून कोणीतरी ओरडलं. "बायकोला नाही ओळखत एवढं!" केझाया दारात उभी होती, तीही हसली.

"ही बाई म्हणते की पिल्लू तू तिला दिलंस आणि कान तूच कापलास. खरं आहे?"

एल्नेथन नेहमीसारखा थांबला. आम्हाला सवय होती, आम्ही वाट बघत राहिलो. त्याने टेबलावरच्या कानाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, बायकोच्या पोटाकडे पाहिलं. डेबोराकडे पाहिलं नाही.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

गावातल्या प्रत्येक डुकराचा प्रत्येक कान ज्याला आठवतो, त्याला हा आठवत नाही! खोलीतल्या एकूण एक माणसाला कळलं की तो खोटं बोलतोय. पिल्लू द्यायचं कबूल झालं तेव्हा अख्खा गाव कोंडवाड्यापाशी उभा होता. आणि आम्ही काय केलं? हसलो. आधी एकाच्या नाकातून फुर्रकन बाहेर आलं, मग दुसऱ्याच्या, मग सगळी खोली गदगदली. कोणीतरी म्हणालं, "वा रे कोतवाल!" डीकनच्या विरुद्ध कोण बोलणार, आणि तेही पलीकडच्या बाईसाठी? हसण्यात सगळ्यांची सोय झाली.

डेबोरा हसली नाही, रडली नाही, ओरडली नाही. ती एल्नेथनकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तो हळू बोलतो हे तिलाही ठाऊक होतं. त्याचं वाक्य अजून संपलेलं नाही असं तिला वाटत होतं. न्यायाधीशाने निकाल सांगितला तरी ती थोडा वेळ वाटच बघत होती.

तीन वर्षं. डीकनच्याच घरी.

आमचं प्रार्थनाघर डीकनच्या घराला लागून आहे. रविवारी सकाळची उपासना आणि दुपारची उपासना यांच्या मधल्या वेळेत हॅल्समांची सगळी माणसं डीकनकडे जेवायची. एल्नेथन आणि केझायाही. डेबोरा वाढायची. घेवडा, खारवलेलं डुक्कर, मक्याची भाकर. ती त्याला कधी टाकून बोलली नाही, कधी त्याच्या ताटात कमी वाढलं नाही. वाडगं रिकामं झालं की शेजारी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "आणखी वाढू का?"

"नको, पुरे," तो वाडग्यात बघून म्हणायचा.

"तीन वर्षं, हुल्दाबाई, एवढंच बोलणं," त्याने मला सांगितलं. "तिने एकदा तरी माझ्या तोंडावर ती आमटी फेकायला हवी होती."

"मग तूच का नाही उठून बोललास?" मी त्याला फाडकन विचारलं. "तीन वर्षांत एकदाही जीभ उचलली नाही?"

"दर रविवारी उचलायचो. मग केझाया बाळाला माझ्या मांडीवर द्यायची."

मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त ते मला आजही सांगता येत नाही.

इकडे ओढ्यापलीकडे डेबोराचं शेत पडीक राहिलं. पहिल्या वर्षी डीकनची डुकरं तिथे मोकळी फिरली, आता त्यांना कोण अडवणार? दुसऱ्या वर्षी गुरं गेली. तिसऱ्या वर्षी गावसभेत ठरलं की ती जमीन कोणी कसत नाही, तेव्हा ती वाटून टाकावी, आणि हॅल्समांच्या थोरल्या मुलाने तिला दगडी कुंपण घातलं. आमचं राज्य असंच पुढे सरकत आलंय. आधी डुक्कर जातं, मग माणूस, मग कुंपण, आणि आम्ही रविवारी देवाचे आभार मानतो. डेबोरा सुटून परत गेली तेव्हा तिला तिच्या जागेवर पाय ठेवायलाही परवानगी लागली असती. ती दलदलीच्या कडेला भाचीच्या झोपडीजवळ झोपडी बांधून राहिली आणि पुन्हा झाडू करायला लागली.

एल्नेथनची वर्षाची मुदत कधीच संपली होती. पण डेबोरा सुटली त्यानंतरच्या मार्चला नव्या नवरदेवाचं नाव निघालं तेव्हा हा उठून उभा राहिला. "मीच करतो."

हशा झाला. "पुन्हा लग्न केलंस की काय रे?"

त्याच्या पुढच्या वर्षीही तो उठला. मग दर वर्षी. थट्टा शिळी झाली. नवरदेवांना दारू मिळेना म्हणून तरुण पोरं त्याच्यावर चिडायची. लोक म्हणायचे, थर्लोला डुकरांचं वेड लागलंय. रोज सकाळी पिंपाचं काम सुरू करण्याआधी तो ओढ्याच्या काठाने चालत जायचा आणि पलीकडे गेलेली डुकरं हाकत अलीकडे आणायचा. राखायला डेबोराचं शेत उरलं नव्हतं. तरी राखायचा.

डीकन म्हातारा होऊन, मानाने मेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर सज्जन असं कोरलंय. त्यानंतरच्या वसंतात एल्नेथन पाद्र्याकडे गेला आणि म्हणाला की मला सगळ्यांसमोर कबुली द्यायची आहे. ही आमच्यातली रीतच आहे. पाप केलेला माणूस उपासनेत मधल्या वाटेत उभा राहतो, पाप बोलून दाखवतो, मग सभासद हात वर करून त्याला क्षमा करतात. बहुतेक कबुल्या दारूच्या असतात, नाहीतर लग्नानंतर फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या. लोक मान खाली घालून ऐकतात.

एल्नेथन उभा राहिला. केस पांढरे, हात पिंपांनी वाकडे झालेले. नेहमीसारखा थांबला. मग म्हणाला, "डुकराच्या कानाबद्दल सांगायचंय."

आणि प्रार्थनाघर हसलं. माझी शपथ, हसलं. मागच्या बाकांवरच्या पोरांपासून सुरू झालं आणि पुढे म्हाताऱ्यांपर्यंत आलं. जन्मभर ज्या माणसाला डुकरांवरून हसलो, तो देवासमोर उभा राहूनही डुक्करच म्हणाला! पाद्र्याने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. एल्नेथन हसणं थांबायची वाट बघत उभा राहिला.

"तो कान मी कापला होता," तो म्हणाला. "डेबोरा कोवासने चोरी केली नव्हती. पिल्लू मी दिलं होतं. मला आठवत होतं."

मग मात्र कोणी हसलं नाही. केझाया ताडकन उठली आणि बाहेर गेली. पाद्र्याने घाईघाईने विचारलं की या बंधूला क्षमा करायची का, आणि पुरुषांचे हात भराभर वर गेले. बायकांनी हात वर करायची आमच्यात रीत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी तर नाहीच. मी मान वळवून वर पाहिलं. डेबोरा मागच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. जिचं गेलं तिला कोणी काही विचारलं नाही. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांनी उदार होऊन सगळं माफ केलं आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी एल्नेथन माझ्या दारात आला. बगलेत पिल्लू.

"हुल्दाबाई, माझ्याबरोबर पलीकडे येता?"

"बायकोला ने की."

"ती यायची नाही. म्हणाली, बाबांना मेल्यावरही नागवं केलंस."

मी गेले. डेबोरा झोपडीच्या दारात झाडू बांधत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही, पण आत या म्हणाली. एल्नेथनने पिल्लू खाली ठेवलं.

"सबंध कानांचं आहे," तो म्हणाला. "खूण नाही केलेली. तुमचं."

"नको," डेबोरा म्हणाली. "तुमचं डुक्कर घरात आलं की मागून तुमचा कायदा येतो."

"काल मी सगळ्यांसमोर सांगितलं."

"ऐकलं. वरून चांगलं ऐकू येतं." तिने काडी दातात धरून गाठ आवळली. "तेव्हा माझ्या बिया गेल्या होत्या आणि तीन वर्षं हातात होती. तेव्हा सांगायचं होतंस. आता सांगून तू हलका झालास. मी काय झाले?"

  मी जमिनीकडे बघत बसले. डेबोरा उठली, मडक्यातून वाडग्यात घेवडा काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. पाहुणा आला की द्यायचं, ही त्यांच्यात रीत आहे, तो कसाही असो. तो खाली मान घालून जेवला. वाडगं रिकामं झालं तशी ती पळी घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाली, "आणखी वाढू का?"

एल्नेथनचे खांदे हलायला लागले. पुरुष माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. डेबोराने पळी मडक्यात ठेवली. मग दाराकडे बोट केलं.

"कोतवाल, तुझं डुक्कर बघ."

पिल्लाने दारापुढच्या तिच्या भाजीच्या वाफ्यात नाक खुपसलं होतं आणि दोन रोपं मुळासकट बाहेर काढली होती. एल्नेथनने धावत जाऊन ते उचललं, रोपं परत मातीत दाबली, पण ती उभी राहिली नाहीत.

परतताना तो घराकडे वळला नाही. पिल्लू घेऊन तडक कोंडवाड्यावर गेला. मी मागून गेले. कोंडवाड्याचा राखणदार बंडीचा मुलगा. त्याने पिल्लाचे कान उलटसुलट बघितले.

"खूण नाही. कुणाचं आहे?"

"माझं," एल्नेथन म्हणाला. या खेपेला थांबला नाही. "डेबोरा कोवासच्या जमिनीत शिरलं होतं. मी पाहिलं."

"तिची कुठे आलीय जमीन?" तो मुलगा म्हणाला, आणि हसला.